बाजाराची पिशवी

हिमानीला आपल्या चित्रांचा अभिमान होता, आणि का नसावा? धाड गावच्या स्टँडजवळच्या तिच्या मेडिकलात येणारं माणूस ती चित्रं बघून हसायचं आणि समजून जायचं. त्याआधी तीही चारचौघांसारखंच करायची. गोळ्यांच्या पाकिटावर पेनानं दोन रेघा, "ही सकाळची, ही रात्रीची" असं तोंडातल्या तोंडात, की पुढचं गिऱ्हाईक. माणसं मान हलवून निघून जायची. मग एकदा एका म्हाताऱ्यानं मोठ्या कौतुकानं सांगितलं, की बीपीच्या गोळ्या मी जपून ठेवल्या, चक्कर आली तरच एखादी खातो. हिमानीला त्या दिवशी जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवसापासून तिनं रेघा सोडल्या आणि चित्रं धरली. सकाळला सूर्य, रात्रीला चंद्रकोर, जेवणानंतर घ्यायची असेल तर ताटात भाकरी. बुलढाण्यात कारकुनाच्या घरात वाढलेली पोर, पण हात चांगला होता.

अडलं ते आठवड्याच्या गोळीपाशी. संधिवाताची एक गोळी असते, मेथोट्रेक्सेट नावाची. आठवड्यातून एकदाच घ्यायची. एकदा म्हणजे एकदाच. रोज घेतली तर औषधाचं विष होतं. आधी तोंड येतं, मग ताप, मग रक्तातल्या पेशी मरायला लागतात आणि माणूस हातचा जातो. आता हे चित्रात कसं सांगणार? वार सांगावा तर बाया म्हणायच्या, "वाराचं काय समजते बाई, पोराले शाळेले सुट्टी असली की समजायचं आज रविवार." पण बाजाराचा दिवस? धाडच्या आसपास तो पाळण्यातल्या पोरालाही कळतो. त्या दिवशी मजुरी मिळते, पिशव्या निघतात, जीपा टपापर्यंत भरतात. हिमानीनं ठरवून टाकलं. आठवड्याच्या गोळीवर बाजाराची पिशवी, दोन बंदांची, वर मेथीची जुडी डोकावणारी.

ती पिशवी बघून तिचा नवरा सौमित्र तर खूशच झाला. तो झेडपीच्या शाळेत मास्तर. त्यानं फोटो काढला, दहा ग्रुपवर टाकला, आणि त्या फोटोपायी हिमानीला बुलढाण्याच्या औषध विक्रेत्यांच्या बैठकीत बोलायचं बोलावणं आलं. विषय होता, पेशंटला औषध सोप्या भाषेत कसं सांगावं. बैठक उद्यावर आली होती. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं म्हणून ती मनातल्या मनात भाषण घोकत बसली होती, तेवढ्यात चांगुणा आली.

चांगुणा लसूण विकायची. बाजारात हिमानीनं तिला किती वेळा पाहिलं होतं, झुंबरबाईच्या शेजारी बसलेली. झुंबरबाई म्हणजे वाळल्या मिरच्यावाली. घरच्याच वावरातली मिरची, तीच वाळवायची आणि तीच विकायची.

"बाई, लवकर द्या, जीप हुबी हाये," चांगुणा म्हणाली. "झुंबराची गोळी संपली. ते पिशवीच्या चित्राची. एक पाकीट द्या."

हिमानी कपाटाकडे वळली आणि वळता वळता थांबली. झुंबरबाईला तिनं अख्खी दहाची पट्टी दिली होती. दिवाळी ओलांडून पुरायला हवी होती. अजून दसरासुद्धा झाला नव्हता.

"संपली कशी? हरवली का?"

"हरवन कशाले? खाल्ली. एक उरली हाये, आजची. आजच्या बाजाराची."

"आज कुठं बाजार आहे? आपला बाजार तर झाला."

चांगुणानं तिच्याकडे असं पाहिलं की या शिकलेल्या बाईला एवढंही कसं माहीत नाही. "धाडचा झाला. आज मासरूळचा हाये ना. आमाले काय एकच बाजार हाये का बाई? धाड झालं की रायपूर, मंग चांडोळ, मंग पारध, मंग मासरूळ. दोनच दिवस घरी राह्यतो, ते बी माल निवडाले. झुंबरा तर एक बाजार चुकवत नाई. अन गोळी बी नाई. तुमी सांगतलं तशी बाजाराच्या दिवशी एक."

हिमानीच्या डोळ्यांसमोर तो दिवस लख्ख उभा राहिला. धाडचा बाजार, काउंटरवर ही गर्दी, आणि वाकड्या झालेल्या बोटांनी पाकीट धरून उभी असलेली झुंबरबाई. आपण काय म्हणालो होतो? "मावशी, बाजाराच्या दिवशी एक. समजलं?" आणि तिनं चोख उत्तर दिलं होतं, "समजलं ना बाई. बाजाराच्या दिवशी एक." आपण खूश होऊन पुढचं गिऱ्हाईक घेतलं होतं. बाजारात जाणाऱ्यांचा बाजार आठवड्यातून एकदा असतो. बाजारात बसणाऱ्यांचा रोज असतो. एवढी साधी गोष्ट, आणि हे चित्र काढणाऱ्या हुशार बाईच्या डोक्यात आली नव्हती.

"ती कशी आहे? तब्येत कशी आहे तिची?"

"बोटं मोकळी झाली म्हनते. पन तोंड लय आलं. भाकर गिळत नाई, पानी बी टोचते. कालपासून अंग तापून राह्यलं. म्या म्हनलं घरी राह्य, तर म्हनते घरी राह्यली तर मिरच्या कोन विकन? पहाटेच्या गाडीनं गेली, आमच्या दोघीची जागा धराले."

"तिला फोन लावा. आत्ताच्या आत्ता. म्हणावं गोळी घेऊ नको."

"तिचा फोन लेकाजवळ असते, वावरात."

चांगुणानं मग शेजारच्या कांदेवाल्याला फोन लावला. नुसता वाजत राहिला. भर बाजारात कांदेवाला फोन उचलतो थोडाच. "ती गोळी कधी खाते?" हिमानीनं विचारलं. "भाकरीवर. दुपारी. तुमीच तर ताट काढलं पाकिटावर," चांगुणा म्हणाली. त्या बिचारीला हे सगळं काय चाललंय ते अजून कळलं नव्हतं, पण हिमानीचा चेहरा बघून तिचा आवाज बारीक झाला होता.

हिमानीनं शटर ओढलं आणि जीपकडे धावली.

जीप उत्तमरावांची. उत्तमराव म्हणजे गाडी भरल्याशिवाय चावीला हात न लावणारा माणूस. "अजून चार सीटा होऊ द्या म्याडम," ते बिडी विझवत म्हणाले. हिमानीनं सांगितलं, सगळ्या सीटांचे पैसे मी देते, पण निघा, एक बाई मरायला टेकलीय. उत्तमराव लगेच स्टेअरिंगवर बसले. वाटेत हात करणाऱ्या कुणासाठीही त्यांनी गाडी थांबवली नाही, आणि हे त्यांच्या हातून जन्मात पहिल्यांदा झालं असावं.

रस्त्यात सौमित्रचा फोन आला. दुकान बंद कसं म्हणून शेजाऱ्यानं त्याला कळवलं होतं. हिमानीनं सगळं सांगितलं.

"हे बघ," तो म्हणाला, "आधी तिला दवाखान्यात ने. पण सांगताना सांभाळून सांग. तिनं गोळी जास्त खाल्ली, एवढंच सांगायचं. का खाल्ली ते तुला काय माहीत? अशिक्षित माणसं, होतं असं. आणि ते पाकीट तेवढं परत घे."

"पाकीट?"

"पिशवीचं चित्र आहे ना त्याच्यावर. तुझ्या हातचं. लायसन तुझ्या नावावर आहे, हिमानी. उद्या तिला काही झालं तर तो कागद घेऊन लोक आपल्या दारात उभे राहतील."

हिमानीनं फोन ठेवला. तिला नवऱ्याचा राग आला, आणि त्याहून जास्त राग आला तो याचा, की पाकीट परत घ्यायचा विचार तिच्या मनात त्याच्या आधीच येऊन गेला होता.

मासरूळचा बाजार रंगात आला होता. चांगुणा पुढे, हिमानी मागे. टोपल्यांना पाय लागत होते, बाया ओरडत होत्या. मिरच्यांचा तिखट वास नाकात शिरला तेव्हा हिमानीला समोर झुंबरबाई दिसली. लाल ढिगाच्या मागं पदरानं तोंड बांधून बसलेली. शेजारी भाकरीचं फडकं उघडं होतं, भाकरी तशीच होती, तिला ती चावताच आली नसणार. एका हातात पाण्याची बाटली होती आणि दुसऱ्या तळहातावर ती गोळी.

"खाऊ नका," म्हणत हिमानीनं तिचा हात झटकला. गोळी मिरच्यांत जाऊन पडली.

झुंबरबाई दचकून बघत राहिली. आणि हिमानी, धापा टाकत, भर बाजारात, सगळ्यांच्या देखत बोलून गेली, "रोज खाता ही गोळी? रोज? जीव जाईल ना मावशी. कोणी सांगितलं तुम्हाला रोज खायला?"

आजूबाजूची माणसं जमली. कांदेवाला मान हलवत म्हणाला, "आता काय सांगावं, गोळी कशी खायची तेवढंही समजत नाई काही लोकाईले." मिरच्या घ्यायला आलेला एक पोक्त गृहस्थ हसला. "अडाणी कारभार," तो म्हणाला, आणि पिशवी झटकून पुढे गेला.

झुंबरबाईनं इकडेतिकडे पाहिलं. तिची मान खाली गेली. "नाई वं बाई," ती पदराआडून पुटपुटली, "रोज कुठं? आठवड्याले एकच खाल्ली म्या."

"अवं झुंबरा, तूच तर म्हने..." चांगुणा बोलायला गेली.

"आठवड्याले एक," झुंबरबाई पुन्हा म्हणाली. "बाकीच्या नालीत पडल्या."

हिमानीला तेव्हा वाटलं, असू दे, घाबरली आहे, दवाखान्यात सांगेल. मिरच्यांचा ढीग चांगुणावर सोपवून, निम्मं ओढत आणि निम्मं समजावत, तिनं झुंबरबाईला जीपमध्ये बसवलं. उठताना म्हातारीच्या पदरावर लाल डाग दिसला. मिरचीचा असेल म्हणून हिमानीनं नीट पाहिलं, तर हिरड्यांतून रक्त येत होतं.

बुलढाण्याच्या वाटेवर झुंबरबाई मान टेकवून बसली होती. अंग तव्यासारखं तापलेलं. हिमानी म्हणाली, "मावशी, ते पाकीट आहे का तुमच्याजवळ?" झुंबरबाईनं काही न विचारता कमरेचा बटवा सोडला आणि चुरगळलेलं पाकीट तिच्या हातात दिलं. सूर्य नाही, चंद्र नाही, फक्त ताट आणि पिशवी. हिमानीनं ते पर्समध्ये टाकलं आणि चेन ओढून घेतली. आपण का ओढली चेन, हे तिला पक्कं माहीत होतं.

दवाखान्यात गर्दी उसळलेली होती. तापाची साथ, प्रत्येक खाटेला सलाईन. रक्त तपासायला गेलं आणि रिपोर्ट आला, पांढऱ्या पेशी खाली, प्लेटलेट खाली. डॉक्टर तरणेच होते, डोळे झोपेनं सुजलेले, पण माणूस वाईट नव्हता. ते खाटेपाशी आले.

"डेंग्यू दिसतोय," ते म्हणाले. "तेच चाललंय सगळीकडे."

"डॉक्टर," हिमानी म्हणाली, "त्या मेथोट्रेक्सेट घेतात. आठवड्याची. ती जास्त झाली असेल."

डॉक्टरांच्या डोळ्यांतली झोप उडाली. "असेल म्हणजे? तसं असेल तर उपचारच वेगळा. त्याचा उतारा असलेलं इंजेक्शन आत्ता सुरू करावं लागेल आणि ते इथं नाही, मागवावं लागेल. नीट सांगा. आजी, गोळी किती घेतली?"

"आठवड्याले एक," झुंबरबाई म्हणाली. डोळे छताकडे.

"नक्की? रोज नाही ना घेतली?"

"म्या काय येडी हाये का रोज खायाले? एकच."

डॉक्टर हिमानीकडे वळले. "तुम्हीच दिली ना? आठवड्याला एक, असं सांगितलं होतं ना तुम्ही?"

हिमानीच्या घशाशी उत्तर आलं, आणि जे आलं ते असं, "हो. सांगितलं होतं."

खोटं नव्हतं ते. मनात तर तिनं तसंच सांगितलं होतं. डॉक्टरांनी सुस्कारा सोडला, "मग एका गोळीनं एवढं होत नाही. डेंग्यूच धरू. तपासणी पाठवतो, उद्या कळेल," असं म्हणाले आणि पलीकडच्या खाटेकडे निघाले.

उद्या. उद्या हिमानी बैठकीत असती, स्टेजवर. पेशंटला औषध सोप्या भाषेत कसं सांगावं. तिनं झुंबरबाईकडे पाहिलं. म्हातारी ओठ घट्ट मिटून पडली होती. ओठांच्या कोपऱ्यात रक्त सुकलेलं. तिला सगळं ठाऊक होतं. आपण किती गोळ्या खाल्ल्या, कुठल्या बाजारात खाल्ल्या, सगळं. पण मासरूळच्या बाजारात माणसं हसली होती आणि पुन्हा कुणी हसावं यापेक्षा तिला गप्प मरण परवडत होतं. आणि तिचं हसं करणारं पहिलं तोंड कुणाचं होतं? कोणी सांगितलं तुम्हाला रोज खायला? हिमानीला आपलीच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. कोणी सांगितलं म्हणे. काउंटरपलीकडून हसत हसत, सुंदर चित्र काढून सांगितलं होतं.

तिनं पर्सची चेन उघडली.

"डॉक्टर, थांबा." आवाज मोठा झाला, वॉर्डातल्या माना वळल्या. वळू देत. "मी आत्ता अर्धवट बोलले. हे पाकीट बघा. ही पिशवी मी काढलीय. मी यांना म्हणाले, बाजाराच्या दिवशी एक गोळी. या मिरच्या विकतात. रोज एका गावच्या बाजारात बसतात. मी ते विचारलं नाही. त्यांनी मी सांगितलं तसंच केलं, एकदाही चुकल्या नाहीत. चूक माझी आहे. त्यांची नाही."

डॉक्टरांनी पाकीट हातात घेतलं. चित्राकडे पाहिलं, मग हिमानीकडे. ते काही म्हणायच्या आत खाटेवरून आवाज आला.

"बाई."

झुंबरबाईनं मान वळवली होती. तापानं लाल झालेले डोळे हिमानीवर रोखलेले.

"म्हंजे म्या बराबर खाल्ली?"

"हो मावशी," हिमानी म्हणाली. ती खाटेच्या कडेला बसली आणि तिच्या वाकड्या बोटांच्या हाताचं मनगट तिनं दोन्ही हातांत धरलं. "तुम्ही अगदी बरोबर खाल्ली. मीच चुकीची सांगितली."

झुंबरबाईनं दुसऱ्या हातानं तोंडावरचा पदर काढला, कोपरावर जोर देऊन थोडी उठली आणि डॉक्टरांना म्हणाली, "मंग लिव्हा डाक्टर. पह्यली धाडच्या बाजारात खाल्ली. दुसरी रायपूरले. मंग चांडोळले, तिथं पानी नव्हतं तर कोरडीच गिळली. पारधले एक, मासरूळले एक. मंग दोन दिवस घरी, तवा नाई खाल्ली. मंग पुन्हा धाड..."

डॉक्टर लिहीत गेले आणि लिहिता लिहिताच त्यांनी नर्सला त्या इंजेक्शनसाठी फोन लावायची खूण केली. झुंबरबाईच्या हिरड्यांतून रक्त येत होतं, पण ती थांबली नाही, एकेक गाव घेत शेवटपर्यंत आली. आणि हिमानी तिचं मनगट धरून, पहिल्यांदाच, सगळं ऐकत होती.